क्लॅरिनेटवाल्याच्या मागावर

कऱ्हाडच्या स्टेशनावर गाडीनं शिट्टी दिली तरी वहिनींचं सांगणं संपेना. "भावजी, मुलगा नीट बघून या. पण बघताय असं त्याला वाटू देऊ नका. आणि मुख्य म्हणजे कोणाशी भांडून येऊ नका." मी म्हटलं, "वहिनी, मी कधी कोणाशी भांडलोय?" त्यावर त्यांच्या मागे उभी असलेली वत्सला तोंडाला पदर लावून हसली. ही माझी पुतणी. थोरले बंधू गेल्यापासून तिची जबाबदारी माझ्यावर, आणि तिला मुंबईचं एक स्थळ चालून आलं होतं. त्याची पारख करायला मी निघालो होतो.

मुलाचं नाव विनायक. सरकारी बँडात क्लॅरिनेट वाजवतो, एवढीच माहिती. 'सरकारी' म्हणजे पगार आणि पुढं पेन्शन, त्यामुळं वहिनींचा जीव त्या एका शब्दावर बसला होता. मला मात्र 'वाजवतो' हा शब्द खुपत होता. माझा धंदा मंडपाचा. लग्न, कीर्तन, तमाशा, जे असेल त्याला मी बांबू, फळ्या आणि बिछायत पुरवतो, आणि वाजवणारी माणसं मी फार जवळून पाहिलेली आहेत. त्या धंद्यानं माझा स्वभाव असा झालाय की कोणी 'तात्या, काळजी नको' म्हटलं की मी आधी माझा सुंभ मोजतो. माणसावर विश्वास ठेवायचा तो त्याच्या पाठीमागं जाऊन बघितल्यावर, हे माझं मत आहे आणि ते मी बदललेलं नाही.

पुण्याला गाडी बदलून बोरीबंदरला उतरलो. घोडागाडीवाल्यानं गिरगावला नेताना मला मुद्दाम लांबून फिरवलं असा माझा दाट संशय आहे. आमचा लांबचा नातेवाईक बापू गिरगावात एका चाळीत राहतो, कचेरीत कारकून आहे, आणि हे स्थळ त्यानंच आणलेलं. मुलाला नकळत बघायचा माझा बेत त्याला सांगितला तर तो म्हणाला, "अहो तात्या, एवढं कशाला? उद्या त्याला इथंच चहाला बोलावतो की!"

"बोलावू नकोस," मी म्हटलं. "चहाला बोलावलेला मुलगा बशीत चहा सांडत नाही, मोठ्यानं बोलत नाही, पाया पडतो. त्यावरून मला काय कळणार?"

"मग काय, त्याच्या मागं मागं हिंडणार?"

"हिंडणार!"

बापूनं कपाळाला हात लावला. बँड दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाजणार होता, म्हणून पहिला दिवस त्यानं मला गिरगाव दाखवण्यात घालवला. सगळ्या भिंतींवर 'झालाच पाहिजे' रंगवलेलं. काही ठिकाणी त्यावर चुना फासलेला आणि चुन्यावर पुन्हा तेच लिहिलेलं. इराण्याच्या हॉटेलात ब्रून मस्का (कडक पाव आणि लोणी) खाल्ला. पाव इतका कडक की तो आदल्या आठवड्यातला असणार असं मी म्हटलं, तर बापू म्हणे तो असाच असतो. असेल. तिसऱ्या प्रहरी तो मला एका सभागृहात गाण्याच्या बैठकीला घेऊन गेला. गाणं चांगलं होतं, पण माझं लक्ष स्टेजवर. सागवानी फळ्या, खाली पोकळी, त्यामुळं तबल्याची थाप फळीतून घुमून आपल्या पायांपर्यंत येत होती. मध्यंतरात मी पुढं जाऊन बोटाच्या पेरानं फळी वाजवली, खाली वाकून तुळया बघितल्या. एक खिळा वर आलेला होता. बापू माझी बाही ओढून कुजबुजला, "तात्या, लोक बघतायत हो!" बघेनात का. गाणाऱ्याच्या पायात खिळा गेला असता म्हणजे कळलं असतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोर्टाकडच्या बागेत गेलो. तिथं बँडस्टँड (बँड वाजवायचा चौथरा) आहे. आपल्याकडं अशी वस्तू नाही म्हणून सांगतो. आठ कोनांचा दगडी ओटा, कडेनं लोखंडी खांब, वर लाकडी अस्तराचं छप्पर. वाजवलेला सूर छपराला लागून खाली लोकांत पसरतो. ना पडदा, ना विंग. चहूबाजूंनी माणूस उघडा. मला ती रचना एकदम पसंत पडली, कारण तिथं कोणाला काही लपवायला जागाच नाही. एका खांबाला मात्र बुडाशी चीर गेलेली होती. ती मी बँडमास्तरांना दाखवली. ते गोव्याकडचे, पिकल्या मिशांचे, वजनदार गृहस्थ. चष्मा वर करून त्यांनी चीर बघितली आणि मला बघितलं.

मग बँड सुरू झाला. पितळी बटणांचा कोट घातलेला, सडपातळ, नाकेला मुलगा दुसऱ्या रांगेत बसला होता. बापूनं कोपरानं खुणावलं, "तोच." समोरचा कागद बघून वाजवत होता, मान हलवत नव्हता, इकडंतिकडं बघत नव्हता. चोख काम. मी जवळजवळ खूश होणार होतो, इतक्यात कार्यक्रम संपला आणि मी भलतंच बघितलं. त्यानं सरकारी क्लॅरिनेट पुसून पेटीत ठेवलं, पेटी शिपायाकडं दिली, झाडाआड जाऊन कोट उतरवून साधा सदरा घातला, आणि स्वतःच्या पिशवीतून पंच्यात गुंडाळलेली एक लांबट वस्तू काढून काखेत मारली. चेहराही बदलला. मघाचा तो लाकडासारखा मुलगा आता चक्क शीळ घालत होता.

"हे बघ," मी बापूला म्हटलं. "आता कुठं चालला?"

"घरी, असेल."

"घरी जायला कोणी शीळ घालत नाही!"

बापूला तिथंच सोडून मी त्याच्यामागं ट्रामवर चढलो. तो पुढं, मी मागं, मध्ये छत्र्या आणि टोप्या. ट्राम भायखळा ओलांडून लालबागेत आली, तो उतरला, मीही उतरलो; पण उतरताना माझं धोतर पायरीत अडकलं आणि सोडवेपर्यंत तो गिरण्यांच्या सुटलेल्या पाळीत दिसेनासा झाला. माणसंच माणसं, डोक्यावर कापसाचे तंतू, हातात डबे. मी मसाल्याच्या दुकानांपाशी शिंकत उभा राहिलो. एक गोष्ट मात्र नक्की ठरली: ह्या पोराचं लालबागेत काहीतरी आहे, आणि जे आहे ते पंच्यात गुंडाळून नेण्यासारखं आहे. बाई असणार, असं माझ्या मनानं घेतलं. वत्सलेचा चेहरा डोळ्यांपुढं आला.

सकाळी बापूला न सांगता मी बँडच्या तालमीच्या जागी गेलो. बँडमास्तर एकटेच होते. मी सरळ विचारलं, "मास्तर, विनायक कसा मुलगा?"

"टायमावर येता, टायमावर जाता. आणखी काय हवं?"

"संध्याकाळी लालबागला कोणाकडं जातो हो तो?"

कागद लावता लावता मास्तरांचा हात थांबला. "लालबागला?" ते हळूच म्हणाले. "लालबागला जातो?"

"काल जाताना मी बघितलं. पंच्यात काहीतरी बांधून."

ते एकदम कागद आवरायला लागले. मला वाटलं, म्हाताराही सामील आहे. मुंबईत सगळे एकमेकांना सामील असतात, ह्याची मला खात्री पटत चालली होती.

त्याच दिवशी दुपारनंतर बापू मला दादरच्या मैदानावर सभेला घेऊन गेला. संयुक्त महाराष्ट्राची सभा. एवढी माणसं मी आयुष्यात एका ठिकाणी बघितली नव्हती. स्टेज मात्र माझ्या मनासारखं: साली बल्ल्यांचा (जाड लाकडी वाशांचा) सांगाडा, आडवे बांबू, प्रत्येक गाठ दुहेरी. पुढाऱ्यांच्या आधी शाहीर उभे राहिले. डफावर थाप पडली तशी माझ्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. पण सवयीनं मी स्टेजच्या बाजूला जाऊन खाली डोकावलो. लगेच बिल्लेवाला एक स्वयंसेवक आला. "काका, खाली काय बघताय?"

"गाठी."

"गाठी?" त्यानं माझा बंद गळ्याचा कोट, काळी टोपी आणि छत्री वरपासून खालपर्यंत बघून घेतली. "चला, तिकडं लोकांत बसा." दंडाला धरून त्यानं मला बसवलं आणि सभा संपेपर्यंत माझ्यावरची नजर काढली नाही. मला वाईट वाटलं. मी गाठींची तारीफ करणार होतो. पण शेजारी बसलेल्या गिरणीवाल्याकडून मला हवं ते कळलं: दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला लालबागच्या अमक्या चाळीत कलापथकाचा (चळवळीची शाहिरी गाणी आणि वग करणाऱ्या मंडळींचा) कार्यक्रम आहे, आणि त्यात एक क्लॅरिनेटवाला असतो, "काय वाजवतो राव! पण तो कोणाला दिसत नाही."

दिसत का नाही? मी ठरवलं, दिसणार.

त्या चाळीत मी उजेडातच पोचलो. चौकात स्टेज उभं राहात होतं, आणि असलं स्टेज मी जन्मात बघितलं नव्हतं. कोणी खोलीतून पलंग आणतोय, कोणी जेवायचं टेबल, कोणी बाकडं. दोघांनी तर दाराची फळीच बिजागरीतून काढून आणली. उंची एकाची एकाला जुळेना, म्हणून पायांखाली विटा आणि वर्तमानपत्रांच्या घड्या. वर सतरंजी. मागं दोरीला गोधडी टांगलेली. मी तर हबकलोच. नाचणाऱ्याचा पाय जर दोन पलंगांच्या फटीत गेला तर?

एक म्हातारी पाटावर बसून हे सगळं करवून घेत होती. भागीरथी नाव, असं मागून कळलं. मी तिला विचारलं, "बाई, हे स्टेज कोणाच्या मालकीचं?"

"कोणाच्याच नाय," ती म्हणाली. "पाव्हणे खयसून इलास?" (पाहुणे, कुठून आलात?)

मी कुठून आलो ते सांगायचं सोडून, घाईनं म्हणा, आगाऊपणानं म्हणा, विचारलं, "इथं विनायक नावाचा क्लॅरिनेटवाला येतो ना? सरकारी बँडातला? कोणत्या खोलीत जातो तो?"

म्हातारीचा चेहरा दार लावल्यासारखा बंद झाला. "आमका म्हायत नाय." (आम्हांला माहीत नाही.) एवढंच बोलली. मी म्हटलं, बरं, नका सांगू, आणि वाकून स्टेजखाली डोकं घातलं. मला खरोखर फक्त विटा बघायच्या होत्या.

वरच्या गॅलरीतून कोणीतरी थाळी वाजवली. मी डोकं बाहेर काढतो तो काय! पलंग उचलला गेला. टेबल गेलं. बाकडी गेली, दार चौकटीला लागलं, गोधडी कठड्यावर वाळत पडली. कोणी ओरडलं नाही, कोणी पळालं नाही. मी छत्री सावरेपर्यंत चौकात विटांशिवाय काही उरलं नव्हतं. मघाशी ज्या पलंगाची मी काळजी करत होतो त्यावर एका खोलीच्या दारात एक बाई तांदूळ निवडत बसली होती. मी तिला विचारलं, "अहो, स्टेज कुठं गेलं?"

"कसलं स्टेज?" ती म्हणाली.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हे लोक मला सीआयडी (साध्या कपड्यातला पोलीस) समजले होते! गेल्या गोळीबारात त्या चाळीतला एक तरणाताठा माणूस गेलेला, हे मला नंतर कळलं. सगळ्या मजल्यांवरून माणसं माझ्याकडं बघत होती. आयुष्यभर मी लोकांकडं ज्या नजरेनं बघत आलो, ती नजर अंगावर घ्यायला कशी असते ते मला त्या चौकात कळलं. आता जावं तर कुठं, बोलावं तर कोणाशी?

तेवढ्यात जिन्यावरून कोणीतरी खाली आलं. विनायकच. भागीरथीबाई मागून "अरे पोरा, थांब!" म्हणत होती, पण तो थांबला नाही. पंच्यातली वस्तू हातात उघडी होती. क्लॅरिनेटच होतं ते, जुनं, तारेनं सांधलेलं. माझ्यासमोर येऊन तो उभा राहिला. ओठ कोरडे पडलेले, पण आवाज सरळ.

"साहेब, तुम्ही ज्याला शोधताय तो मी. सरकारी नोकर मी एकटाच आहे. दिवसा सरकारचं वाजवतो, रात्री माझं. ही माणसं मला फक्त बसायला जागा देतात, त्यांना काही विचारू नका. माझं नाव लिहून घ्या आणि चला."

माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "अहो, मी साहेब नाही."

"सगळे असंच म्हणतात!" वरून आवाज आला.

"मी कऱ्हाडचा तात्या. वत्सलेचा काका."

विनायकाचा चेहरा आधी पांढरा होता तो कानापर्यंत लाल झाला. क्लॅरिनेट पाठीमागं लपवायला लागला बिचारा. पण भागीरथीबाईला पटेना. "पोरीचो काका असा, तर फळीखाली काय बघी होतो?" (मुलीचा काका आहे, तर फळीखाली काय बघत होता?)

"बाई, माझा मंडपाचा धंदा आहे. खाली बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही!"

"मगे बांदून दाखय बघू." (मग बांधून दाखव बघू.)

आणि काय सांगू, ते सगळं सामान पुन्हा बाहेर आलं. मी कोट काढला, धोतर खोचलं, पलंगाचे पाय एकमेकांना सुंभानं आवळले, फटींवर दार आडवं घातलं आणि स्वतः वर चढून उड्या मारून दाखवल्या. हललं नाही. चाळ हसली तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. म्हातारीनं मला तांदळाची भाकरी आणि बांगड्याचं तिखलं (तिरफळ घातलेलं झणझणीत कालवण) वाढलं, आणि ते खाताना मला मुंबईत पहिल्यांदाच ताजेपणाची शंका आली नाही.

कार्यक्रम झाला. विनायक गोधडीमागं बसून वाजवत होता, म्हणजे कोणी बघितलं तरी त्याला बघितलं असं शपथेवर सांगता येऊ नये. बागेतला तो मान न हलवणारा मुलगा हाच, हे माझ्या कानांना खरं वाटेना. शाहिराचा आवाज जिथं पोचत नव्हता तिथं क्लॅरिनेट त्याला हात देऊन वर घेत होतं. त्या फाटक्या गोधडीकडं बघून मला रडू आलं. लोकांना वाटलं, गाण्यामुळं. तेही होतंच.

ट्रामपर्यंत तो मला पोचवायला आला तेव्हा मी त्याला बँडमास्तरांचं सांगितलं. सांगायलाच हवं होतं. तो चालता चालता थांबला.

"लालबाग म्हणालात?"

"म्हणालो."

"पंचाही?"

"पंचाही."

तो पुन्हा चालायला लागला. मग म्हणाला, "असू दे, तात्या. तुम्हांला काय माहीत." त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. "फक्त एक करा," तो पुढं म्हणाला. "घरी सगळं खरं सांगा. नोकरी आज आहे, उद्या असेलच असं नाही. मी हे सोडणार नाही. त्यांनी ऐकावं आणि मग ठरवावं."

निघायच्या दिवशी मी पुन्हा मास्तरांकडं गेलो. म्हटलं, "मास्तर, माझी चूक झाली. लालबागला गेला तो दुसराच कोणीतरी होता. मला लांबचं नीट दिसत नाही."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "दिसत नाय? खांबाची चीर तर आमका कोणाक दिसली नव्हती, ती तुमका दिसली."

"ती जवळची होती."

"बरं," ते म्हणाले. "दुसरा कोणी असेल." आणि ते पुढचा कागद चाळायला लागले. त्यांना पटलं, की पटलं नाही, की आधीपासून ठाऊक होतं, की माझ्या पाठीमागं त्यांनी वर कळवलं, ते मला आजही सांगता येत नाही. परतीच्या गाडीत मी तेवढाच विचार करत बसलो होतो. चहूबाजूंनी उघड्या बँडस्टँडवर बसलेला माणूस मला काही कळला नव्हता, आणि गोधडीमागचा पुरता कळला होता. मंडप बांधून बांधून माझं आयुष्य गेलं, आणि पडदा लावला की त्यामागं लबाडीच असणार, असं मी धरून चाललो होतो.

घरी पोचल्यावर वहिनींनी ताट वाढलं, पण मी आधी सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. मास्तरांपुढं केलेला माझा मूर्खपणाही नाही. वहिनी डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "सरकारी म्हणून तर मी हो म्हणत होते, भावजी. आता त्याचीच शाश्वती नाही. नको बाई. दुसरं बघा."

ज्यानं शाश्वती घालवली तो मीच. वत्सला चुलीपाशी बसली होती. भाकरी तव्यावरून काढून तिनं माझ्याकडं बघितलं.

"काका, ते त्यांनी तुम्हांला पोलीस समजून सांगितलं, की माझे काका समजून?"

"पोलीस समजून. काका म्हटल्यावर तर तो क्लॅरिनेट लपवायला लागला."

"नक्की? बापूकाकांनी आधी काही कळवलं नसेल ना?"

"बापूला मी कुठं गेलो तेच ठाऊक नव्हतं."

तिनं पुढची भाकरी थापायला घेतली. "मग माझा होकार कळवा," ती म्हणाली. "मुलीच्या काकापुढं काय, कोणीही चांगलं वागेल."